दुवे उघडणाऱ्या मुलांना दुवे द्यायलाही शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की शाळांना मिळालेले संगणक, स्मार्ट फलक आणि टॅब यांच्या बातम्या सुरू होतात. किती यंत्रे आली हे त्यांत असते. त्या यंत्रांवर मुले काय लिहितात, याची चौकशी सहसा होत नाही. बहुतेक शाळांच्या वेळापत्रकात संगणककक्ष माहिती-तंत्रज्ञानाच्या तासिकेला बांधलेला असतो. तिथे टंकन आणि सादरीकरण शिकवले जाते, आणि मराठीच्या शिक्षकाचा त्या खोलीशी संबंध येत नाही. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत. ते स्कॅन केले की ‘दीक्षा’ या शैक्षणिक संकेतस्थळावरचे साहित्य उघडते. बाहेर तर मूल दिवसभर दुवेच, म्हणजे लिंकच, उघडत असते. पण स्वतःच्या लेखनात दुवा कुठे द्यावा आणि का द्यावा, हे त्याला कुणी शिकवत नाही. हे मराठीच्या तासाला शिकवता येते, त्यासाठी वेगवान इंटरनेट लागत नाही, आणि त्याने साधा निबंधही सुधारतो. हे नेमके कसे करायचे, ते थोडे तपशिलात मांडत आहोत.

दुव्यांनी जोडलेल्या मजकुराची, म्हणजे हायपरटेक्स्टची, कल्पना वेबपेक्षा जुनी आहे. टेड नेल्सन यांनी हे नाव १९६५ मध्ये रूढ केले. १९८० च्या दशकात अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात ‘इंटरमीडिया’ या प्रणालीवर साहित्याचे विद्यार्थी अभ्यासाच्या मजकुराला दुवे देत होते. पडद्यावरची कार्डे दुव्यांनी जोडणारे ॲपलचे ‘हायपरकार्ड’ १९८७ मध्ये आले. टिम बर्नर्स-ली यांचा वेबचा प्रस्ताव १९८९ चा. दुवे वर्गात आधी आले, घरोघरी नंतर. आपल्याकडे मराठी विश्वकोशाच्या छापील खंडांतही दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवणारे बाण आहेतच. एका नोंदीतून दुसरीत जाण्याची ही रीत मराठी वाचकाला मुळीच परकी नाही.

आता मुद्द्याचे. निबंध लिहिताना मुले ‘वर सांगितल्याप्रमाणे’, ‘अशा प्रकारे’, ‘त्यामुळे हे सर्व’ अशा शब्दांच्या आधाराने पुढे सरकतात. ‘हे सर्व’ म्हणजे नेमके काय, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि तपासणाराही विचारत नाही. दुव्यांच्या लेखनात ‘वर’ असे काही उरत नाही. वाचक कोणत्या पानावरून आला हे लेखकाला माहीत नसते, त्यामुळे प्रत्येक पान स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते. पहिल्याच वाक्यात विषयाचे नाव घ्यावे लागते, सर्वनामाला त्याच पानात नाम द्यावे लागते, आणि एका पानात एकच मुद्दा ठेवावा लागतो. परिच्छेद कसा लिहावा हे वर्षभर सांगूनही जे उतरत नाही, ते इथे गरज म्हणून उतरते.

सुरुवात यंत्रावर करू नये, कागदावर करावी. विषय गावातला, मुलांना विचारपूस करता येईल असा घ्यावा. उदाहरणार्थ, ‘आपल्या गावाचे पाणी’. चाळीस मुलांच्या वर्गाचे चार-चारचे दहा गट होतात. प्रत्येक गटाने दोन पाठकोऱ्या कागदांचे चार-चार भाग करून आठ कार्डे करावीत: विहीर, बोअरवेल, नळयोजना, टँकर, पाण्याची वेळ, पातळी का घसरली, पाणी कोण भरते, पूर्वी काय होते. प्रत्येक कार्डावर ६० ते ९० शब्द. याहून कमी झाले तर नुसती व्याख्या होते. जास्त झाले तर त्यात दोन मुद्दे शिरलेले असतात आणि कार्ड फोडावे लागते. मग कार्डे वर्गाच्या जमिनीवर मांडून खडूने रेघा ओढायच्या. रेघ पुसता येते, हे महत्त्वाचे. वहीत काढलेला आराखडा बदलायला मुले तयार होत नाहीत, खडूची रेघ मात्र बिनदिक्कत बदलतात. या कामाला पस्तीस मिनिटांच्या दोन तासिका पुरतात.

तिसरी तासिका फक्त दुव्यांची, आणि सगळ्यात मोलाची हीच. मुलांना मोकळे सोडले तर ती प्रत्येक नामाला दुवा देतात. एक वाक्य घेऊ: ‘एप्रिलपासून विहिरीत पाणी राहत नाही, म्हणून टँकर येतो.’ दहापैकी बहुतेक गट ‘विहिरीत’ आणि ‘टँकर’ या शब्दांखाली रेघ मारतील. तिथून वाचक विहिरीच्या वर्णनाकडे जाईल, टँकरच्या वर्णनाकडे जाईल, आणि त्याच्या मनात उठलेला प्रश्न तसाच राहील. वाक्य वाचणाऱ्याला विहीर म्हणजे काय हे विचारायचे नसते. पाणी का राहत नाही हे विचारायचे असते. म्हणून दुवा ‘राहत नाही’ या क्रियापदाला द्यायचा आणि तो ‘पातळी का घसरली’ या कार्डाकडे न्यायचा. दुवा नामावरून उचलून क्रियापदावर ठेवला, की वर्णन करणारे मूल कारण शोधू लागते.

हे साधण्यासाठी प्रत्येक दुव्याशेजारी समासात त्याची जात लिहायला लावावी: अर्थ, उदाहरण, कारण, परिणाम, उलट बाजू, पुरावा. आठ कार्डांच्या कामात ‘अर्थ’ जातीचे दुवे तीनपेक्षा जास्त नसावेत, आणि ‘कारण’ व ‘उलट बाजू’ यांचा निदान एकेक असलाच पाहिजे. ‘बोअरवेल खोल गेल्या म्हणून विहीर आटली’ असे एक कार्ड म्हणत असेल, तर ‘पाऊसच कमी झाला’ म्हणणाऱ्याचे कार्डही हवे, दोन्ही एकमेकांना जोडलेली हवीत, आणि दोन्हींतून पुराव्याच्या कार्डाकडे वाट हवी. पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीतील नोंद, विहीरमालकाने तारीख-वारासह सांगितलेली माहिती, किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळीच्या नोंदी ठेवते त्या. ‘तज्ज्ञांच्या मते’ हा पुरावा नव्हे. एका कार्डात तीनच्या वर दुवे नकोत. वाचणारा प्रत्येक दुव्यापाशी क्षणभर थांबून जाऊ की नको हे ठरवतो, आणि असे थांबे वाढले की वाक्याचा धागा सुटतो. ‘येथे क्लिक करा’ हे शब्द तर हद्दपारच करावेत. पलीकडे काय आहे, हे दुव्याच्या शब्दांवरूनच कळले पाहिजे.

एवढे झाल्यावर संगणककक्षात जायचे. आठवी-नववीच्या वर्गाला आम्ही ‘ट्वाइन’ सुचवतो. दुव्यांचा मजकूर लिहिण्याचे हे साधन मोफत आहे, २००९ पासून उपलब्ध आहे, एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते, आणि त्यात खाते उघडावे लागत नाही. प्रत्येक कार्डाची एक चौकट पडद्यावर दिसते आणि दुवा दिला की दोन चौकटींमध्ये बाण उमटतो. जमिनीवरचा खडूचा नकाशाच तिथे पुन्हा दिसतो. दुवा दुहेरी चौकोनी कंसात लिहायचा: [[विहीर]]. दाखवायचे शब्द वेगळे आणि पान वेगळे असेल तर [[राहत नाही->पातळी का घसरली]]. आधी दिसणारे शब्द, बाण, मग पानाचे नाव. काम पुरे झाले की सगळ्याची मिळून एकच एचटीएमएल फाइल होते. ती पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सॲपवर देता येते आणि मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडते.

मराठीत लिहिताना या दुसऱ्या पद्धतीवाचून गत्यंतर नाही, कारण आपल्या वाक्यात शब्द क्वचितच मूळ रूपात येतो. पानाचे नाव ‘विहीर’, वाक्यात ‘विहिरीत’. पान ‘पाणी’, वाक्यात ‘पाण्याची’. म्हणजे प्रत्येक दुवा देताना मुलाला मूळ शब्द आणि सामान्यरूप वेगळे काढावे लागते. शिवाय ट्वाइनला न सापडलेल्या नावाचे नवे कोरे पान ते आपणहून तयार करते. मुलाने [[विहिर]] असे ऱ्हस्व लिहिले की पडद्यावर ‘विहीर’ आणि ‘विहिर’ अशा दोन चौकटी दिसतात, त्यातली एक रिकामी. उपान्त्य इकार-उकाराचा नियम फळ्यावर सांगून विसरला जातो; इथे चूक झाली की वाट बंद होते आणि मूल स्वतःच ती शोधते. शुद्धलेखनाला तत्काळ परिणाम मिळण्याची अशी जागा लेखनाच्या वहीत नाही.

काही चुका मात्र मुलांच्या नसतात, यंत्राच्या असतात, आणि शिक्षकाला त्या माहीत नसल्या तर तास वाया जातो. ‘शेतकऱ्यांच्या विहिरी’ हे नाव दोन वेगवेगळ्या कळफलकांवर टंकले तर दिसायला हुबेहूब सारखे, पण संगणकाला वेगळे असू शकते. एका पद्धतीत अर्धा र हा टिंबाच्या ऱ ला हलन्त देऊन होतो. दुसरीत साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह येते. दुवा तुटतो आणि का तुटला हे डोळ्यांना दिसत नाही. ‘ॲ’ची गतही तीच: तो एकसंध अक्षर म्हणून येतो, किंवा अ वर चंद्र देऊन. उपाय सोपा आहे. पानांची नावे आखूड ठेवावीत, अशी अक्षरे नावात टाळावीत, आणि नाव पुन्हा न टंकता आधीचे नक्कल करून डकवावे. सगळ्या यंत्रांवर एकच कळफलक, शक्यतो इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाणित कळफलक, ठेवला तर हा त्रास उरतच नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात टंकलेला मजकूर तर अजिबात घेऊ नये. फॉन्ट बदलला की त्याची निरर्थक चिन्हे होतात, आणि त्यात शोध लागत नाही.

साठवण हा दुसरा खड्डा. ट्वाइन ब्राउझरमध्येच वापरले तर काम त्या यंत्रावरच्या त्या ब्राउझरमध्येच राहते. कुणी ब्राउझरची साठवण पुसली, किंवा बंद करताना यंत्र मूळ स्थितीला नेणारी प्रणाली कक्षात बसवलेली असली, की आठवड्याचे काम गेले. म्हणून तासिका संपण्याआधी पाच मिनिटे ‘आर्काइव्ह’, म्हणजे सगळ्या कामाची एक फाइल, काढून गटाच्या पेनड्राइव्हवर ठेवायचे, आणि गटाच्या नावापुढे तारीख घालायची. ट्वाइन नसेल तर लिब्रे ऑफिसच्या रायटरमध्येही काम होते: प्रत्येक कार्डाला शीर्षकाची शैली द्यायची, शब्द निवडून कंट्रोल आणि के दाबायचे आणि त्याच दस्तऐवजातील शीर्षक लक्ष्य म्हणून निवडायचे. तिथे वेगवेगळ्या फाइली जोडायच्या असतील तर आधी एक फोल्डर करून सगळ्या फाइली त्यात साठवाव्यात आणि मगच दुवे द्यावेत. मुले डी ड्राइव्हवरच्या फाइलीला दुवा देतात, फोल्डर पेनड्राइव्हवर नेतात, आणि दुसऱ्या यंत्रावर एकही दुवा उघडत नाही.

टंकनाचा वेग कमी असतो, म्हणून संगणकापुढे बसून मजकूर सुचवायचा नाही; कार्ड तयारच असते. एका यंत्रावर चौघे: एक टंकतो, एक वाचून दाखवतो, एक नावे आणि शुद्धलेखन तपासतो, एक नकाशा सांभाळतो. आठ-आठ मिनिटांनी जागा बदलायच्या, नाहीतर टंकायला येणारे एकच मूल सगळे काम करते. अशा दोन तासिका लागतात. मोबाइलवर बोलून टंकणे जलद होते, पण त्यात विरामचिन्हे नंतर हाताने घालावी लागतात आणि बोलीतले शब्द यंत्र भलत्याच प्रमाण शब्दांनी बदलते. आजीने सांगितलेला पाण्याचा शब्द असा हरवू देऊ नये. ते कार्ड हातानेच टंकावे.

सहाव्या तासिकेला एका गटाचे काम दुसऱ्या गटाने वाचायचे. लिहिणाऱ्यांनी जवळ बसायचे, पण बोलायचे नाही. वाचणाऱ्याने प्रत्येक दुवा उघडण्याआधी कागदाच्या डाव्या रकान्यात ‘काय मिळेल असे वाटते’ आणि उघडल्यावर उजव्या रकान्यात ‘काय मिळाले’ असे लिहायचे. दोन रकाने जुळले नाहीत तिथे दुव्याचे शब्द बदलायचे किंवा दुवाच काढायचा. पुढे वाटच नसलेली पाने आणि कुणीही पोचत नाही अशी पाने याच वेळी सापडतात. लाल शाईच्या शेऱ्यापेक्षा आपल्याच वर्गातला वाचक बुचकळ्यात पडलेला पाहणे मुलांना अधिक शिकवते.

आणि इथे थांबायचे नाही. शेवटी प्रत्येक मुलाने स्वतंत्रपणे, वहीत, त्या जाळ्यातून एकच वाट निवडून २०० शब्दांचा निबंध लिहायचा. दुवे आता नाहीत, म्हणून त्यांचे काम शब्दांनी करायचे. समासात लिहिलेली दुव्याची जात इथे उभयान्वयी अव्यय होऊन येते: कारणाच्या दुव्याच्या जागी ‘कारण’ किंवा ‘म्हणून’, उलट बाजूच्या जागी ‘पण’, ‘तरीही’, ‘याउलट’. मुलांच्या निबंधात वाक्ये एकापुढे एक नुसती ठेवलेली असतात ती याचसाठी, की त्यांच्यातले नाते कधी ठरवलेलेच नसते. दुवा देताना ते ठरवून झालेले असते.

हायपरटेक्स्टमुळे मुले उड्या मारत वाचतात, लक्ष टिकत नाही, असा आक्षेप पालक घेतात. वाचनापुरता तो खोटा नाही, आणि धडे सलग वाचायची सवय मोडावी असे आम्ही म्हणत नाही. दुसऱ्याने पेरलेल्या दुव्यांमागे जाणे वेगळे आणि स्वतः विचार करून दुवा देणे वेगळे. ज्याने एकदा दुवा पारखून दिला आहे, तो पुढे बातमीतला किंवा जाहिरातीतला दुवाही पारखून उघडतो.

तपासणीचा भार वाढतो, पण शिक्षकांना भीती वाटते तितका नाही. चाळीस मुलांचे २०० शब्दांचे निबंध म्हणजे आठ हजार शब्द. दहा गटांची आठ-आठ कार्डे, सरासरी ७५ शब्दांची, म्हणजे सहा हजार. निबंधाची फेरी एरवी होतेच, म्हणजे वाढ या सहा हजार शब्दांचीच. गुण वीसपैकी द्यावेत: पान स्वयंपूर्ण असण्याला सहा, दुव्याची निवड आणि त्याच्या कारणाला सहा, पुराव्याला चार, जाळ्याच्या रचनेला दोन, शुद्धलेखनाला दोन. चित्रे, रंग आणि हलणारी अक्षरे यांना गुण देऊ नयेत. दिले की सगळा वेळ तिकडे जातो.

बाहेरच्या संकेतस्थळाला दुवा दिला असेल तर त्या पानाचे शीर्षक, संस्था आणि पाहिल्याची तारीखही लिहून घ्यावी. पाने हलतात, बंद पडतात. दुवा मेला तरी नोंद राहते. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून आयता निबंध मिळतो हे खरे, पण गावातल्या कोणत्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात आटते आणि ते कोणी सांगितले, हे तिथून मिळत नाही. विषय गावातला ठेवण्याचे हे दुसरे कारण.

खाते उघडावे लागणारी साधने शाळेत जपून वापरावीत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक आहे. मुलांची नावे, छायाचित्रे, घराचा पत्ता कार्डांत येऊ देऊ नये. ‘आमच्या वाडीतील एक शेतकरी’ एवढे पुरे.

मराठी विकिपीडियावर लेखन हा यापुढचा टप्पा, तो महाविद्यालयासाठी ठेवावा. तिथे धूळपाटीवर सराव करता येतो, आणि अजून न लिहिलेल्या लेखाचा दुवा लाल दिसतो, ही मराठीत काय लिहायचे राहिले आहे याची तयार यादीच. मात्र दोन गोष्टी आधी सांगाव्या लागतात. उभी रेघ वापरून दिलेल्या दुव्यात तिथे आधी पानाचे नाव येते आणि नंतर दिसणारा शब्द: [[विहीर|विहिरीत]]. ट्वाइनची सवय झालेल्याला हा क्रम उलटा वाटतो. आणि एकाच इंटरनेट जोडणीवरून एका दिवसात सहाच नवी खाती उघडता येतात. अख्खा वर्ग एकदम बसवला तर सातव्या विद्यार्थ्यापाशी काम अडते. खाती आदल्या आठवड्यात घरून उघडून घ्यावीत. पुस्तकातला उतारा जसाच्या तसा चढवला तर तो काढला जातो, हेही आधीच बजावावे.

आमची मागणी मोठी नाही. दहावीच्या मराठीत लेखी ८० गुणांखेरीज अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण आहेत. त्यात दुव्यांसह केलेले गटलेखन ग्राह्य आहे, असे शिक्षण मंडळाने स्पष्ट लिहावे. बारावीच्या उपयोजित मराठीत माहितीपत्रक आणि अहवाल आहेतच. हे दोन्ही प्रकार आज पडद्यावर दुव्यांसह वाचले जातात, तेव्हा ते तसे लिहिण्याचा एक नमुना पाठ्यपुस्तकात असावा. शिक्षकांच्या प्रशिक्षणात सादरीकरणे दाखवण्याऐवजी आठ कार्डांचे एक काम शिक्षकांकडूनच पूर्ण करून घ्यावे. त्याला एक दिवस पुरतो. आणि संगणककक्षाच्या वेळापत्रकात आठवड्याला एक तासिका मराठीला द्यावी. ही शेवटची गोष्ट तर मुख्याध्यापक आपल्या पातळीवर याच सत्रात करू शकतात. तिला शासन निर्णयाची गरज नाही.

आपले,
माध्यमिक शाळांत मराठी शिकवणारे काही शिक्षक